एका फेरीत दोन कामं

१२ डिसेंबर, गुरुवार

नंदाला बक्षीस मिळालं. नाव मोठं आहे आणि माझ्या जिभेला वळत नाही, पण जगभरातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांतून निवडून एकालाच देतात आणि यंदा ते आमच्या राजनंदिनीला दिलं. सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा तिचा दिल्लीहून फोन आला. "अप्पा, एक सांगायचं होतं," असं इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं जावईबापूंचं काही दुखलंखुपलं. मग तिने सांगितलं आणि मी अर्ध्या दाढीनेच विक्रमच्या खोलीत शिरलो.

विक्रमला फार आनंद झाला. बहिणीवर त्याचा जीव आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पोरगं तोंडाने कधी काही बोलायचं नाही. त्याने फोन उचलून लगेच फ्लेक्सवाल्याला लावला. नम्रता सूनबाईने शिरा केला. पहिली वाटी मी हिच्या फोटोपुढे ठेवली. ही असती तर आज वाघोलीत कोणाच्या घरी पेढा पोचायचा राहिला नसता.

चौकात चहाला गेलो तेव्हा हिंमतरावांना सांगितलं. हिंमतराव आणि मी पीएमटीत बरोबरच होतो, मी वाहतूक नियंत्रक, ते कंडक्टर. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची जीभ अजून तिकीट फाडते. म्हणाले, "अर्थशास्त्र म्हणजे महागाईच ना? मग कांदा कधी उतरणार ते विचारून ठेवा." मी म्हणालो, विचारतो. आज मला कोणाच्याही बोलण्याचा राग येत नव्हता.

१५ डिसेंबर, रविवार

सत्काराचं ठरलं. ग्रामपंचायत गेली, महापालिका आली, पण सत्कार समिती मात्र जागच्या जागी आहे. जानेवारीतला रविवार धरला, कार्यालय धरलं, जेवणाला मासवडी की पुरी-भाजी यावर भांडणही झालं. सत्कारमूर्तींचा परिचय मी लिहायचा आणि मीच वाचायचा असं सगळ्यांनी मिळून सांगितलं. बापानेच वाचायचा म्हटल्यावर बरं दिसेल का, असं मी एकदा विचारलं. कोणी नको म्हणायच्या आत हो म्हणालो.

दुसरं एक काम त्यातच बसवून टाकलं. रस्त्याकडेचं आमचं शेवटचं रान विक्रमने बिल्डरला द्यायचं ठरवलंय. बिल्डरचे वकील म्हणाले, जमीन वडिलोपार्जित आहे, मुलीची हक्कसोड घेऊन टाका, पुढे कटकट नको. नंदा सत्काराला येणारच आहे. रविवारी सत्कार, सोमवारी दुय्यम निबंधकांकडे सही. तिला पुन्हा दिल्लीहून यायला नको. नोकरीत असतानाही मला एका फेरीत दोन कामं बसवायची हौस होती आणि साहेब लोक त्यासाठी मला मानायचे.

आमच्याकडे ही रीतच आहे. जमिनीचा व्यवहार निघाला की लेकी-बहिणी येतात, हक्क सोडल्याच्या कागदावर सही करतात, साडीचोळी होते, गोडाचं जेवण होतं. वडील गेल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने, सोजरनेही केली होती. हसत केली. मी तिला हिरवी इरकल घेतली होती, चांगली भारीतली.

२२ डिसेंबर, रविवार

परिचय लिहायला बसलो की शाळेपासून सुरुवात करतो आणि शाळेतच अडकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली की नंदा बस पकडून माझ्याकडे टर्मिनलला यायची आणि कंट्रोलरच्या केबिनमध्ये टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करायची. एकदा, पाचवीत असेल, मला म्हणाली, "अप्पा, दुपारची बस रिकामी जाते, मग ह्या बायका चालत का जातात?" मला काम होतं. मी म्हणालो, मला काय विचारतेस, त्यांनाच जाऊन विचार. कार्टी खरंच गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "त्यांच्याकडे सुटे नसतात. सुटे घरात दुसऱ्याकडे असतात." मी हसलो आणि ड्रायव्हरना सांगितलं, तेही हसले.

हा प्रसंग परिचयात घेतला आहे. पुढचं सोपं आहे. पुण्यात बी.ए., एम.ए.ला विद्यापीठात पहिली, शिष्यवृत्तीवर इंग्लंड, तिथे डॉक्टरेट, मग तिथली नोकरी सोडून दिल्लीत प्राध्यापक. तिथली नोकरी का सोडली असं लोक विचारायचे तेव्हा ती म्हणायची, ज्यांच्यावर लिहायचं ते लोक इथे राहतात. पुस्तकं दोन. लेख किती, ते तिलाही सांगता आलं नाही. हे सगळं लिहिताना मध्येच उठून पाणी प्यावं लागलं. आमच्या घराण्यात तिच्याआधी इंग्रजी पुस्तक कोणी धड वाचलं नव्हतं, लिहिणं तर लांबच.

संशोधनाचा विषय या ओळीवर मात्र अडलो. महागाई असं लिहून ठेवलं होतं. खात्री करावी म्हणून फोन केला.

"महागाई नाही, अप्पा."

"मग गावभर सांगून बसलोय त्याचं काय करू?"

ती हसली. "घरातली माणसं एकमेकांत वाटणी कशी करतात, आणि कोण आपला वाटा का सोडतं, त्यावर आहे."

मी म्हणालो, "म्हणजे कौटुंबिक अर्थशास्त्र." ती म्हणाली, तसंच लिहा. तसं लिहिलं. हिंमतरावांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे भिशी का?"

त्याच फोनवर सोमवारच्या सहीचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं अप्पा, करते." एका शब्दाने विचारलं नाही. लोकांच्या लेकी असल्या वेळी वकील घेऊन येतात. शिक्षणाने माणूस किती मोठ्या मनाचा होतो हेही परिचयात घालावं की काय असं वाटलं, पण घरातली गोष्ट म्हणून सोडून दिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दरवर्षीप्रमाणे सोजरच्या तिळाच्या वड्या आल्या, लोणीहून भाजीचा टेम्पो येतो त्यात. निरोपही आला की नंदाच्या सत्काराला येणार. लोणी काळभोर काही लांब नाही, पण केसनंद-थेऊरचा रस्ता आणि तिथली वाहनं बघता निघायची इच्छा होत नाही. मी गेलो होतो ते तिचे यजमान वारले तेव्हा. त्याआधी तिची सासू गेली तेव्हा. भाऊबीजेला तीच इकडे येते, म्हणजे विक्रमलाही त्यातच ओवाळून होतं.

वड्या यंदा जरा कडक झाल्यात. तिचे हात आता दुखतात म्हणे.

१७ जानेवारी, शुक्रवार

नंदा आली. विमानतळावरून विक्रमने तिला मुद्दाम चौकातून आणली. फ्लेक्सवर वरच्या बाजूला सगळे आजी-माजी मान्यवर, खाली समिती, आणि मधे नंदा, मान्यवरांपेक्षा थोडी लहान. ती रस्त्यातच उभी राहून पोट धरून हसली. मग विक्रमला म्हणाली, "मला एक फोटो काढून दे, वर्गात दाखवते." विक्रमला वाटलं तिला आवडला.

संध्याकाळी तिच्यासाठी आणलेली पैठणी दाखवली. पिशवी उघडून म्हणाली, "ही सत्काराला नेसू का?"

मी म्हणालो, "नाही, सत्काराला शाल-श्रीफळ आहे. ही सोमवारची."

तिने घडी मांडीवर ठेवून पदरावरून हात फिरवला. बराच वेळ. "रंग जात नाही ना हिचा?" म्हणाली.

मी म्हणालो, बापाने घेतली आहे, रंग कसा जाईल.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा, हे आधी लिहितो आणि मग बाकीचं.

कार्यालय भरलं. मागे खुर्च्या कमी पडल्या तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मी परिचय वाचला. केबिनमधला प्रसंग आला तेव्हा लोक हसले आणि मला शब्द दिसेनात, चष्मा पुसावा लागला. स्टेजवर नंदाने माझ्या पाया पडून शाल माझ्याच खांद्यावर टाकली. कार्यालयात एक माणूस बसून राहिला नाही. सोजर मागच्या बाजूला बायकांत होती, तिने डोळ्याला पदर लावलेला मला स्टेजवरून दिसला.

मग नंदा बोलली. मराठीत बोलली, साधं, हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "शहरात आलेल्या गावांमधल्या बायकांना मी एकच गोष्ट विचारत फिरले. जमिनीवरचा हक्क सोडलात, तो का? कायदा माहीत नव्हता म्हणून नाही. सगळ्यांना माहीत होता. त्या म्हणाल्या, माहेर राहावं म्हणून. उद्या नवरा गेला, आजारपण आलं, मुलांनी बघितलं नाही, तर जायला एक दार असावं. लोक विम्याचा हप्ता भरतात, तशी त्यांनी जमीन भरली."

ती पुढे म्हणाली, "मग मी दुसरी गोष्ट विचारली. वेळ आली तेव्हा ते दार उघडलं का? काहींचं उघडलं, काहींचं नाही. पण सही केली म्हणून जास्त उघडलं, असं कुठल्याच गावात दिसलं नाही. ज्यांचे भाऊ यायचे, ते सही न करताही येत होते. एवढंच माझं संशोधन आहे. त्याला इतकी वर्षं लागली."

शेवटी तिने एका बाईचं सांगितलं. शिकत असताना सर्वांत आधी तिने त्या बाईला विचारलं होतं. बाई म्हणाली होती, भावाने साडी फार चांगली घेतली, पहिल्या धुण्यात रंग गेला, पण मी ती टाकली नाही, भावाची आहे. ती बाई कोण, मला कळेना. आमच्या भागातलीच असावी.

टाळ्या मागून सुरू झाल्या, बायकांमधून. पुढच्या रांगेतल्या मान्यवरांपर्यंत त्या पोचायला वेळ लागला. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. काय बोलते पोरगी. एक शब्द अवघड नाही, एकाला दुखवलं नाही, आणि अख्खं कार्यालय गप्प बसवलं. मंत्र्यांच्या सभेला इथे एवढी शांतता मिळत नाही.

जेवताना हिंमतराव माझ्या शेजारी बसले. भाषण चांगलं झालं म्हणाले. मग पुरीचा तुकडा मोडत विचारलं, "उद्या हक्कसोडीला किती वाजता निघायचं? मी साक्षीदार आहे, म्हणून विचारतो."

पंगतीतले दोघे-तिघे खाली बघून जेवू लागले. मी म्हणालो, सकाळी सांगतो. बासुंदी घेतली नाही. पोट भरलं होतं.

२० जानेवारी, सोमवार

ठरल्याप्रमाणे गेलो. नंदा पैठणी नेसली होती. विक्रम, हिंमतराव, वकील आणि मी. तिथे गर्दी नेहमीचीच, बाकावर बसून होतो. नंदा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होती, त्यांच्याही पिशवीत नवी साडी होती.

आत बोलावलं. टेबलाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "दस्त वाचलाय ना?"

"वाचलाय," नंदा म्हणाली.

"राजीखुशीने करताय?"

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "हो."

"आपण काय करता?"

"शिकवते."

बाईंनी मान हलवली आणि फोटोसाठी कॅमेऱ्यासमोरची खुर्ची दाखवली. नंदा उठली. ज्या परिचयासाठी मी महिनाभर कागद फाडले तो तिने एका शब्दात उरकला, आणि त्या खुर्चीत ती अशी बसली की काल भाषण करणारी ती हीच का असं मला वाटलं. काल ती स्टेजवर होती तेव्हा तिच्याकडे बघायला मान वर करावी लागत होती. आज ती अंगठा पुढे करून बसली होती.

"थांबा," मी म्हणालो. सुटलेली बस थांबवायला ओरडायचो तसा आवाज निघाला. सगळं ऑफिस वळलं. "हा दस्त करायचा नाही."

बाहेर झाडाखाली आलो. वकील घड्याळ बघू लागले. विक्रम म्हणाला, "अप्पा, काय चाललंय? बिल्डर थांबणार नाही हां."

"बिल्डरच्या कागदात नाव घाल तिचं. तुझ्या नावाशेजारी घाल. तीही सही करेल, मालक म्हणून." मग मी नंदाला म्हणालो, "अगं, लोक हसतील. काल एवढ्या टाळ्या घेतल्यास आणि आज हे. तुझं नाव जाईल. आपलं जाईल."

"लोक हसले असते तरी मी केली असती, अप्पा."

"का पण? एवढं शिकून?"

ती म्हणाली, "त्या बायकाही काही वेड्या नव्हत्या. आई गेली. तुम्ही आहात तोवर मी येते. उद्या तुम्ही नसाल तेव्हाही मला ह्या घरी यायचंय. मला सगळे आकडे माहीत आहेत, तरी भीती वाटतेच."

विक्रम गाडीकडे निघून गेला.

येताना खराडीच्या सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा विक्रम समोरच बघत म्हणाला, "ताई, तू येडी हायस का? सही नाही केली तर काय दार लावून घेणार होतो का मी?"

"मला काय माहीत," नंदा म्हणाली. "तू कधी बोलतोस का?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी याचा पाय हलेना. मग नाक ओढून गाडी काढली. घरी पोचेपर्यंत दोघं मासवडीवर भांडत होती.

उतरताना मी नंदाला विचारलं, "कालच्या भाषणातली ती बाई कोण गं? साडीवाली."

"तुम्ही ओळखता, अप्पा," म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

२३ जानेवारी, गुरुवार

नंदा मंगळवारी गेली. चौकातला फ्लेक्स महापालिकेने काल काढला. विक्रम तो मागून घेऊन आला आणि अंगणात पसरून धुतला. कुठे लावणार विचारलं तर म्हणाला, बघू, असू दे.

काल वकिलांना फोन केला होता. मसुद्यात आणखी एक नाव घालायचं आहे म्हटलं. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीची हक्कसोड केव्हाच झाली आहे, कायद्याने आता त्यांचं काही देणं लागत नाही." मी म्हणालो, देणं लागतं का ते विचारलं नाही, नाव कसं घालायचं ते विचारलं. विक्रमसमोरच बोललो. त्याने फक्त एवढंच विचारलं, "आत्याला सांगितलं का?"

फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. आज सकाळी निघालो. विक्रम गाडीने सोडतो म्हणाला, पण मी बसनेच गेलो, केसनंद, थेऊर, लोणी. रस्ता वाटला होता तितका वाईट नाही. सोजरला काय सांगायचं ते बसमध्ये मनाशी जुळवत होतो, अगदी परिचयासारखं, सुरुवात, मधलं, शेवट. पोचल्यावर लक्षात आलं की हातात काहीच नाही, साधा फुटाण्याचा पुडाही घ्यायचा राहिला.

तिचं घर शोधावं लागलं. पुढे नवी खोली काढली आहे, ती मी पाहिली नव्हती. दार उघडंच होतं. सोजर ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला पाहून ती झटकन उठली, जुडी हातातून पडली, आणि तिचा चेहरा पार उतरला.

"काय झालं, दादा?" म्हणाली. "कोन गेलं?"

जुळवलेलं सगळं विसरलो.

"कोणी नाही गेलं," मी म्हणालो. "सहज आलोय."

तिला ते खरं वाटेना. माझ्यामागे रस्त्यावर आणखी कोणी आहे का ते तिने वाकून पाहिलं, पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग दारातून बाजूला झाली.